नसबंदी झालेला बोका मांजरीवर चढतो, तेव्हा आधी कोणाला तपासावे?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असल्यास आपल्याला दुरुस्त करता येईल. घरात दोन मांजरे आहेत. मन्या हा साडेतीन वर्षांचा बोका असून वयाच्या आठव्या महिन्यात त्याची नसबंदी झाली. चिंगी ही अंदाजे दोन वर्षांची, सोसायटीच्या पार्किंगमधून घरी आलेली मांजरी. तिचे ऑपरेशन १४ महिन्यांपूर्वी एका शिबिरात झाले. गेल्या चार-पाच महिन्यांपासून मन्या चिंगीची मानगूट तोंडात धरून तिच्यावर चढतो आणि ती निसटली, तर दिवाणावरच्या मऊ ब्लँकेटवर तोच प्रकार करतो. चिंगी ‘मधूनमधून’ रात्रभर ओरडते आणि जमिनीवर लोळते, हे आपण शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिले आहे. आपली मुख्य चिंता मन्याची आहे: ऑपरेशन होऊनही त्याला हे सुचते कसे, ऑपरेशन फसले आहे का, आणि त्याला शांत करणारे एखादे औषध आहे का?

मला मात्र आपली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. मी गेली २२ वर्षे केवळ लहान प्राण्यांचा दवाखाना चालवतो. तिथे बोक्याची तक्रार घेऊन आलेल्या घरांत उत्तर मांजरीपाशी सापडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. बोका दिसेल असे काही करतो, पाहुण्यांसमोर करतो, त्यामुळे घरच्यांना संकोच वाटतो. दवाखान्यात येऊनही लोक आवाज खाली आणून ‘डॉक्टर, तो घाण करतो’ एवढेच सांगतात. मांजरी ओरडते ती रात्री, आणि तिचे ओरडणे ‘लाडात आली आहे’ म्हणून सोडून दिले जाते. आपल्या घरात नक्की काय चालले आहे हे प्रत्यक्ष तपासणीशिवाय मी सांगू शकत नाही. पण कोणत्या क्रमाने विचार करावा आणि तोच क्रम का, हे सविस्तर लिहितो.

सुरुवात ‘मधूनमधून’ या शब्दापासून करू. मधूनमधून म्हणजे किती दिवसांनी? नसबंदी न झालेली मांजरी माजावर येते तेव्हा तो माज साधारण आठवडाभर टिकतो. मिलन झाले नाही, तर तो ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. मांजराचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. दिवस मोठा होऊ लागला की तो सुरू होतो आणि दिवस फार लहान झाला की थांबतो. थंड देशांतल्या पुस्तकांत म्हणूनच हिवाळ्यात मांजरी माजावर येत नाहीत असे लिहिलेले असते. आपल्याकडे पुण्यात डिसेंबरातला लहानात लहान दिवससुद्धा ११ तासांचा असतो, आणि त्यावर घरातली ट्यूबलाइट रात्री ११ वाजेपर्यंत जळते. त्यामुळे घरात राहणाऱ्या आपल्या मांजरींचे हे चक्र जवळजवळ वर्षभर चालू राहू शकते. आता चिंगीचे ओरडणे जर पाच-सात दिवस चालून थांबत असेल आणि साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू होत असेल, तर त्याला सवय किंवा लाड म्हणता येणार नाही. अशी लय अंडाशयाशिवाय सहसा उमटत नाही.

याउलट ते ओरडणे जर रोज पहाटे साडेचारला, खाण्याच्या वेळेआधी होत असेल, किंवा खिडकीबाहेर दुसरे मांजर दिसले की होत असेल, तर संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) संबंध असण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणून मी कोणत्याही तपासणीआधी भिंतीवरचे कॅलेंडर मागतो. दूध किती घेतले, गॅसचा सिलिंडर कधी लावला, हे ज्यावर लिहितो त्याच कॅलेंडरवर ज्या दिवशी चिंगी ओरडली त्या दिवशी ‘चि’ आणि मन्या चढला त्या दिवशी ‘म’ एवढेच लिहावे. सहा ते आठ आठवड्यांत चित्र दिसू लागते. ‘चि’ गुच्छात येतात का, आणि ‘म’ त्या गुच्छांच्याच आसपास येतात का, हे पाहायचे असते. हे दोन्ही जुळले, तर मन्या चिंगीच्या शरीरातून येणाऱ्या संदेशाला प्रतिसाद देत आहे, असे मानून पुढे जावे.

माज ओळखण्याची लक्षणेही नीट सांगतो, कारण नुसते लोळणे म्हणजे माज नव्हे. माजावर आलेली मांजरी पुढचे कोपर टेकून छाती जमिनीला लावते, मागचा भाग उचलते, शेपूट एका बाजूला करते आणि मागच्या पायांनी जागच्या जागी पावले टाकते. पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवला, तर ही मुद्रा अधिक ठळक होते. तिचा आवाज भुकेच्या म्यांवपेक्षा वेगळा, खालच्या पट्टीतला आणि लांबलेला असतो. कित्येक घरांतून मला ‘मांजराला काहीतरी दुखतंय’ असे घाबरलेले फोन येतात. प्रत्यक्षात ती मांजरी पहिल्यांदा माजावर आलेली असते. कुत्रीला दिसतो तसा रक्तस्राव मांजरीला माजात दिसत नाही, त्यामुळे रक्त दिसले नाही म्हणून माज नाही असा निष्कर्ष काढू नये. शेपूट बाजूला करणे आणि मागच्या पायांची ती चाल या दोन खुणा मी सर्वाधिक विश्वासाच्या मानतो. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवावा, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर यातले काहीही करून दाखवत नाही.

आता समजा, लय जुळली आणि मुद्राही जुळली. ऑपरेशन झालेल्या मांजरीत हे कसे शक्य आहे? मांजरीची अंडाशये पोटात बरीच वर, मूत्रपिंडांच्या मागे, घट्ट बंधाने धरलेली असतात. लहान छेदातून ती ओढून वर आणावी लागतात आणि चिमटा नेमका अंडाशयाच्या पलीकडे लावावा लागतो. कुशीवर छेद घेऊन केलेल्या ऑपरेशनमध्ये त्या बाजूचे अंडाशय सहज हाती येते, पण विरुद्ध बाजूचे पोहोचायला कठीण असते. चिमटा थोडा अलीकडे लागला, तर ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान असा अंडाशयाचा तुकडा आत राहू शकतो. तुटून पोटात पडलेला तुकडासुद्धा आतल्या पडद्याला चिकटून, रक्तपुरवठा मिळवून पुन्हा काम करू लागतो, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. काही थोड्या मांजरींत अंडाशयाची जादा ऊती जन्मतःच जवळच्या बंधात असते आणि तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्याचा काही दोष नसतो. लक्षणे ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी दिसू शकतात, तशी काही वर्षांनीही दिसू शकतात. म्हणून १४ महिन्यांपैकी सुरुवातीचे नऊ-दहा महिने शांततेत गेले, यावरून आत काही उरलेले नाही असे ठरत नाही.

शिबिरात झालेल्या ऑपरेशनविषयी आपल्या प्रश्नात थोडा रोष जाणवला. तो स्वाभाविक आहे. परंतु एका दिवसात अनेक भटक्या मांजरी हाताळणारे ते लोक नसते, तर आपल्या पार्किंगमध्ये आज किती पिल्ले असती याचाही विचार व्हावा. शिवाय ही चूक माझ्याही हातून झालेली आहे. माझ्याच हातून निर्बीजीकरण झालेली एक मांजरी अकरा महिन्यांनी माजाची सगळी लक्षणे घेऊन माझ्याच टेबलावर परत आली आणि उजव्या बाजूचा तुकडा मलाच शोधून काढावा लागला. त्या दिवसापासून मी काढलेले प्रत्येक अंडाशय ट्रेमध्ये उघडून, पूर्ण आहे का हे पाहिल्याशिवाय पोट शिवत नाही.

तुकडा उरला आहे का, हे ठरवण्याच्या वाटा तीन आहेत. सर्वांत सोपी आणि स्वस्त वाट म्हणजे लक्षणे चालू असताना योनिमार्गातील पेशींचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. इस्ट्रोजेन या माज आणणाऱ्या संप्रेरकाचा प्रभाव असेल, तर त्या पेशी मोठ्या, चपट्या आणि कडा दुमडलेल्या दिसतात. प्रभाव नसेल, तर लहान व गोल दिसतात. हा नमुना लक्षणांच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात घ्यावा, लक्षणे संपल्यावर घेऊन उपयोग नाही. दुसरी वाट रक्तातील एएमएच या संप्रेरकाच्या तपासणीची आहे. हे संप्रेरक मांजरीत अंडाशयाच्या आणि बोक्यात वृषणाच्या पेशी तयार करतात, त्यामुळे ते सापडले तर ती ऊती शरीरात कुठेतरी आहे एवढे कळते. ही तपासणी आपल्या गावातील प्रयोगशाळा मांजरांसाठी करते का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. तिसरी वाट जरा वळणाची आहे आणि ती समजण्यासाठी मांजरांच्या मिलनातली एक खास गोष्ट माहीत असावी लागते.

मांजरीचे अंडे सहसा आपोआप सुटत नाही. ते मिलनाच्या उत्तेजनाने सुटते. बोका मानगूट धरतो, मागच्या पायांनी जागा साधतो आणि प्रत्यक्ष संयोग काही सेकंदांचाच असतो. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लिंगावर शंभराहून अधिक बारीक काटे असतात. संयोगानंतर मांजरी किंचाळते, उलटून पंजा मारते, मग लोळते आणि स्वतःला चाटत बसते. या उत्तेजनाने तिच्या मेंदूतून संप्रेरकाची लाट सुटते आणि साधारण एक ते दोन दिवसांत अंडे बाहेर पडते. तेच काम इंजेक्शनने करता येते. लक्षणे चालू असताना जीएनआरएच नावाच्या संप्रेरकाचे इंजेक्शन द्यायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजायचे. ते वाढलेले आढळले, तर अंडाशयाचा तुकडा आत आहे हे जवळजवळ निश्चित होते, कारण ज्या ग्रंथीतून ते येते ती अंडे सुटल्यावरच तयार होते.

आपल्या घरापुरती एक गुंतागुंत इथे लक्षात घ्यावी. नसबंदी झालेला बोकासुद्धा कधी कधी संयोगापर्यंत पोहोचतो. मन्याच्या उद्योगामुळे चिंगीचे अंडे खरोखरच सुटले, तर तिच्या शरीरात खोट्या गर्भारपणासारखी अवस्था येते आणि पुढचा माज तीन आठवड्यांऐवजी सहा-सात आठवड्यांनी येतो. तेव्हा कॅलेंडरवरची लय अनियमित दिसली म्हणून लगेच ‘म्हणजे माज नाही’ असे ठरवू नये. आधी तीन आठवड्यांचे अंतर, मग एकदम सात आठवड्यांचे, असे दिसले तर माझा संशय उलट वाढतो. तिचे गर्भाशय काढलेले असल्यास पिल्ले होण्याचा प्रश्न नाही, आणि मन्यापासून तर या वयात तो प्रश्न नाहीच. (नुकतीच नसबंदी झालेल्या बोक्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या नलिकांमध्ये आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून मी त्याला पाच-सहा आठवडे मांजरीपासून दूर ठेवायला सांगतो. हे न सांगितल्यामुळे ‘ऑपरेशननंतर पिल्ले झाली’ अशा तक्रारी येतात.)

तुकडा सापडला तर उपाय एकच, पुन्हा शस्त्रक्रिया करून तो काढणे. ती माजाच्या दिवसांत किंवा अंडे सुटल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत केलेली बरी, कारण तेव्हा तुकडा फुगलेला असतो आणि डोळ्यांना दिसतो. इतर वेळी तो चरबीत हरवतो आणि डॉक्टर तासभर शोधत राहतात. दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. एका बाजूला सापडला म्हणून दुसरी बाजू न पाहता पोट शिवू नये. काढलेली ऊती तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावी. हे ऑपरेशन पहिल्यापेक्षा लांबते आणि खर्चही अधिक येतो, हे आधीच मान्य करून बसावे. ‘एवढे कशाला, ओरडते तर ओरडू दे’ असे घरात कोणी म्हणत असेल, तर कारण असे आहे की अंडाशयाचा प्रभाव चालू राहिला म्हणजे लवकर नसबंदी करण्याचा मोठा फायदा हातातून जातो. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी कमी आढळला होता. शिवाय गर्भाशयाचा थोटका भाग आत असल्यास त्यात पू होण्याची शक्यताही राहते.

चिंगीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न मी दरवेळी विचारतो आणि लोक चमकतात: घरात कोणी अंगाला लावायचे संप्रेरकाचे मलम किंवा जेल वापरते का? रजोनिवृत्तीनंतर काही स्त्रियांना डॉक्टर इस्ट्रोजेनचे जेल देतात. मांजर ती त्वचा चाटते किंवा त्या हाताशी अंग घासते, आणि अंडाशय नसतानाही माजाची लक्षणे दिसू लागतात. असे असेल तर चिंगीवर शस्त्रक्रिया करण्याची गरज नाही; जेल लावलेला भाग कपड्याने झाकणे आणि हात धुणे पुरते.

एक वनस्पतीही सांगून ठेवतो. पावसाळ्यानंतर कुंड्यांत आणि कुंपणाच्या कडेला उगवणारी खोकली, जिला काही ठिकाणी कुप्पी म्हणतात, तिच्या मुळाच्या वासाने काही मांजरे वेडी होऊन लोळतात. परदेशात कॅटनिप या वनस्पतीने जे होते तसेच हे. हे लोळणे काही मिनिटांत संपते, त्यात शेपूट बाजूला होत नाही आणि बोकेही तितकेच लोळतात. चिंगी ज्या कुंडीजवळ लोळते तिथे ही वनस्पती आहे का, एवढे पाहून घ्यावे.

इथवरचा विचार थोडक्यात असा: चिंगीची लय पाहावी, मुद्रा पाहावी, जेल व वनस्पती वगळावी, आणि लक्षणे चालू असतानाच तिला तपासायला न्यावे. हे सगळे कोरे निघाले, म्हणजे चिंगीत काहीही सापडले नाही, तरच मन्या हा स्वतंत्र प्रश्न ठरतो. आता त्याच्याकडे वळू.

मन्याच्या बाबतीत पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. वर ज्या काट्यांचा उल्लेख केला ते टेस्टोस्टेरॉन या नराच्या संप्रेरकावर अवलंबून असतात आणि नसबंदीनंतर सुमारे सहा आठवड्यांत झिजून नाहीसे होतात. जवळपास तीन वर्षांपूर्वी नसबंदी झालेल्या बोक्याच्या लिंगावर काटे दिसले, तर शरीरात कुठेतरी टेस्टोस्टेरॉन तयार होत आहे असा त्याचा अर्थ होतो. बहुतेक वेळा तो पोटात किंवा जांघेत अडकलेला, खाली न उतरलेला वृषण असतो. आठव्या महिन्यात ऑपरेशन झाले तेव्हा दोन्ही वृषण काढल्याची नोंद कागदावर आहे का, ते पाहावे. काटे नसतील, लघवीला तो उग्र बोक्याचा दर्प नसेल आणि गाल सुटलेले, जाड झालेले नसतील, तर मन्याचे ऑपरेशन व्यवस्थित झाले आहे असे मी निर्धास्तपणे सांगेन. काटे दिसत आहेत आणि कागदावर दोन्ही वृषणांची नोंद आहे, असे असेल तर टेस्टोस्टेरॉनची तपासणी पुढची पायरी. ही तपासणी घरी करून पाहू नये; तो चावेल आणि आपल्याला काही दिसणारही नाही.

ऑपरेशन व्यवस्थित असूनही तो चढतो, हे मग कसे? याचे उत्तर मेंदूत आहे. नसबंदीने संप्रेरकाचा पुरवठा बंद होतो, पण त्या संप्रेरकाने पिल्लूपणीच जी मांडणी मेंदूत करून ठेवली ती पुसली जात नाही. रोझेनब्लॅट आणि अ‍ॅरन्सन या संशोधकांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात असे दिसले की नसबंदीआधी मिलनाचा अनुभव असलेल्या बोक्यांत ही वर्तणूक अनुभव नसलेल्यांपेक्षा बराच अधिक काळ टिकून राहते. पुढे १९७३ मध्ये हार्ट आणि बॅरेट यांनी प्रौढ वयात नसबंदी झालेल्या ४२ बोक्यांची माहिती गोळा केली, तेव्हा भटकणे, मारामारी आणि लघवीचे फवारे मारणे या तीन सवयी ८० ते ९० टक्के बोक्यांत कमी झालेल्या आढळल्या. काहींत त्या लगेच थांबल्या, काहींत सावकाश. याच हार्ट यांनी कूपर यांच्यासह १९८४ मध्ये केलेल्या कामात, वयात येण्यापूर्वी नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी सुमारे १० टक्के आणि मांजरींपैकी सुमारे ५ टक्के पुढे फवारे मारताना दिसले. नसबंदीने पिल्ले होणे शंभर टक्के थांबते, वागणे मात्र बहुतेकांत थांबते आणि काहींत उरते, असे मी ऑपरेशनआधीच सांगून ठेवतो. आठव्या महिन्यापर्यंत बोका वयात आलेला असू शकतो, तेव्हा मन्याला थोडा अनुभव आधीच मिळालेला असणे अशक्य नाही.

उरलेली सवय कोणत्या वेळी डोके वर काढते, हे पाहिले की पुढचा मार्ग सापडतो. माझ्या अनुभवात अशा बोक्यांचे चढणे बहुधा उत्तेजनाच्या क्षणी होते, आणि त्या उत्तेजनाचा मिलनाशी संबंध असेलच असे नाही. संध्याकाळी घरातले सगळे परत आले, घंटी वाजली, जेवणाची भांडी वाजली, खिडकीबाहेर परका बोका दिसला, दोन मांजरांची झटापट अर्धवट राहिली, की त्या तापलेल्या अंगाला ओळखीची वाट मिळते. एका घरात तर बोका फक्त शनिवारी रात्री सोफ्याच्या उशीवर चढायचा. शनिवारी मुलगा होस्टेलवरून घरी यायचा, एवढेच कारण होते. हे कळल्यावर उपायही त्यातून निघतो. ती वेळ येण्याआधी दहा-पंधरा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसाशी त्याला धावायला लावावे, दमला की लगेच खायला द्यावे. पाठलाग, पकड, खाणे, अंग चाटणे, झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे, आणि तो पूर्ण झाला की चढण्याची गरज पुष्कळदा उरत नाही.

मानगूट पकडलेली असताना मन्याला ओरडू नये, पाणी मारू नये आणि चपलेने तर मुळीच हाकलू नये. उत्तेजित मांजराला शिक्षा केली की उत्तेजन वाढते, आणि शिवाय ते शिक्षेची सांगड चिंगीशी किंवा आपल्याशी घालते. दूर कुठेतरी खेळणे टाकावे किंवा दोघांच्या मध्ये उशी सरकवावी. तो आपल्या हातावर चढत असेल, तर काही न बोलता उठून दुसऱ्या खोलीत जावे. ब्लँकेटचे मी मनावर घेत नाही. त्या ब्लँकेटवर तो दिवसाला एक-दोनदा काही मिनिटे घालवत असेल, कोणाला इजा होत नसेल, तर ते ब्लँकेट त्याचे समजून कोपऱ्यात ठेवावे आणि पाहुणे येणार असतील तेव्हा कपाटात. घरच्या मोठ्यांना हे पटवणे अवघड जाते, याची मला कल्पना आहे.

मात्र मन्या ब्लँकेटवर नेमके काय करतो, हे एकदा नीट पाहावे. पुढचे पाय कणीक मळल्यासारखे चालत असतील, डोळे अर्धे मिटलेले असतील, घरघर चालू असेल आणि कापड तोंडात ओले झाले असेल, तर ते आईचे दूध पिण्याचे उरलेले वर्तन आहे. त्याचा मिलनाशी काही संबंध नाही आणि त्यावर काही करायचेही नाही, फक्त कापड गिळत नाही ना एवढे पाहायचे. चढणे असेल, तर दात कापडावर घट्ट रोवलेले असतात, काम मागच्या पायांचे असते आणि घरघर सहसा नसते.

चिंगीच्या बाजूनेही विचार करावा. माजावर नसलेली मांजरी मानगूट धरलेली सहन करत नाही. ती किंचाळते, पळते, कपाटावर जाऊन बसते आणि हळूहळू लिटर ट्रेकडे जाणेही टाळू लागते. दोन मांजरांसाठी तीन ट्रे, आणि तेही एकाच बाल्कनीत ओळीने न मांडता वेगवेगळ्या ठिकाणी, असे मी सांगतो. खाण्याची भांडी एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवावी आणि चिंगीला मन्या पोहोचणार नाही अशी एक उंच जागा असावी. तिच्या मानेवर खपली किंवा टक्कल दिसले, तर दोघांना रात्री वेगळे ठेवणे सुरू करावे.

औषधाचे विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. माज दाबणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या किंवा इंजेक्शने कोणी सुचवली, मग ती चिंगीसाठी असोत की मन्यासाठी, तर नको म्हणावे. त्यांनी लक्षणे दबतात हे खरे, पण मांजरांत मधुमेह आणि स्तनांच्या गाठी हे त्यांचे परिणाम मी प्रत्यक्ष पाहिले आहेत, आणि लक्षणे दबली की अंडाशयाचा उरलेला तुकडा शोधणेही कठीण होते. वागणे फार टोकाला गेले असेल आणि सगळी शारीरिक कारणे वगळली असतील, तर फ्लुओक्सेटिनसारखी, मेंदूवर काम करून अस्वस्थता कमी करणारी औषधे देता येतात, परंतु ती मात्रा ठरवून, काही महिने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून कधीही देऊ नये.

एका बाबतीत मात्र कॅलेंडर वगैरे बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखान्यात जावे. मन्या सारखा लिंग चाटत असेल, ट्रेमध्ये जाऊन जोर करत असेल, ओरडत असेल आणि लघवी थेंबथेंब येत असेल किंवा येतच नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, आणि पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल देत बसतात, किंवा ‘माज आलाय’ म्हणून हसतात. चढण्याच्या सवयीसोबत चाटणे वाढले असेल, तर लघवीची तपासणी करून घेणे मी नेहमीच सुचवतो, कारण मूत्राशयाच्या जळजळीनेही काही बोके असे वागू लागतात.

आपण कॅलेंडर आजपासून सुरू करावे आणि चिंगी पुढच्या वेळी ओरडू लागली, की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे न्यावे. भेटीची वेळ आधीच सांगून ठेवावी, कारण ‘रविवार आहे, सोमवारी बघू’ म्हणता म्हणता ते चार दिवस निघून जातात. मन्यालाही त्याच फेरीत पिशवीत घालून न्यावे, म्हणजे काटे पाहणे आणि लघवीची तपासणी दोन्ही होतील. जाताना मोबाइलमधले व्हिडिओ, शिबिरात मिळालेली चिंगीची चिठ्ठी आणि मन्याच्या ऑपरेशनचा कागद सोबत असावा. चिंगीच्या पोटावर मध्यभागी टाक्यांची खूण आहे की कुशीवर, हे घरीच पाहून मला इथे कळवले, तर कोणत्या बाजूला शोध अवघड जाईल याचा अंदाज मी सांगू शकेन.